बासष्टचे भांडण नेमके कशाचे होते?

१९६२च्या चीनयुद्धाची महाराष्ट्रात घरोघरी सांगितली जाणारी गोष्ट फार लांब नाही. नेहरूंनी ‘हिंदी-चिनी भाई भाई’ म्हणत डोळे मिटून विश्वास टाकला, चीनने पाठीत खंजीर खुपसला, आणि मग हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावून गेला. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले. चीनमध्ये याच युद्धाला ‘आत्मसंरक्षणासाठी केलेला प्रतिहल्ला’ म्हणतात आणि तिथली गोष्टही तितकीच आटोपशीर आहे: भारताने इंग्रजांच्या रेषा वारसाहक्काने घेतल्या, तडजोड नाकारली, चौक्या पुढे सरकवल्या, तेव्हा धडा शिकवावा लागला. तिसरी गोष्ट लंडनच्या ‘टाइम्स’चे दिल्लीतले प्रतिनिधी नेव्हिल मॅक्सवेल यांची. १९७० साली आलेल्या ‘इंडियाज चायना वॉर’ या पुस्तकात त्यांनी जवळजवळ सगळा दोष दिल्लीच्या पदरात घातला. तिन्ही गोष्टींना पुरावा आहे, पण प्रत्येकीला अर्धाच. अशा वेळी सत्य कुठेतरी मधोमध असेल असे म्हणून मोकळे व्हायची पद्धत आहे. बासष्टच्या बाबतीत तिचा उपयोग होत नाही. त्या काळचे पत्रव्यवहार, संसदेतल्या चर्चा आणि नंतर बाहेर आलेली टिपणे शेजारी शेजारी ठेवली, तर दिसते ते असे की दिल्लीचे भांडण सीमेचे होते आणि बीजिंगचे तिबेटचे. समोरचाही आपल्याच भांडणात उतरला आहे, असे मात्र दोघांनीही गृहीत धरले होते.

आधी सीमेचे पाहू, कारण कागद तिथेच सर्वांत जास्त आहेत. पूर्वेकडची मॅकमहोन रेषा १९१४च्या सिमला परिषदेच्या काळात ठरली. ती ठरली ब्रिटिश हिंदुस्थान आणि तिबेट यांच्यात, मार्चमध्ये दिल्लीत झालेल्या पत्रांच्या देवघेवीतून. परिषदेतल्या चिनी प्रतिनिधीने एप्रिलमध्ये मसुद्यावर आद्याक्षरे केली, पण त्याच्या सरकारने ती लगेच नाकारली. म्हणजे रेषेची कायदेशीर ताकद एकाच प्रश्नावर उभी राहते: परक्या सत्तेशी करार करण्याचा अधिकार तिबेटला होता का? होता म्हटले तर भारताची बाजू भक्कम. पण १९५४च्या पंचशील कराराने भारताने तिबेट हा चीनचा प्रदेश मानला, तेव्हा हाच आधार ठिसूळ झाला. चीनची अडचणही कमी नव्हती. ही रेषा साम्राज्यवाद्यांची म्हणून बेकायदा असेल, तर ऑक्टोबर १९६०मध्ये ब्रह्मदेशाशी केलेल्या सीमाकरारात तिच्याच पूर्वेकडच्या टोकाला चीनने ढोबळमानाने मान्यता कशी दिली? त्याचे उत्तर उघड आहे. ब्रह्मदेशाशी तिबेटचा प्रश्न गुंतलेला नव्हता, त्यामुळे तिथे रेषा ही फक्त रेषा होती. आणखी एक गाठ दोघांनाही गैरसोयीची आहे. ऑक्टोबर १९४७मध्ये खुद्द ल्हासाच्या सरकारने नव्या भारत सरकारकडे जे प्रदेश परत मागितले, त्यांत तवांगचा मोन प्रदेश होता. १९५१मध्ये मेजर बॉब खाथिंग आसाम रायफल्सची तुकडी घेऊन तवांगला पोहोचले आणि तिथला ल्हासाचा कारभार संपला, तेव्हा निषेध झाला तो तिबेटी अधिकाऱ्यांकडून. बीजिंग त्या वेळी जवळपास गप्पच राहिले.

पश्चिमेकडची गोष्ट निराळी. अक्साई चीनवरून इंग्रजांनी अर्ध्या शतकात एकाहून अधिक रेषा सुचवल्या. १८६५ची जॉन्सन रेषा तो सगळा पठारी भाग काश्मीरात घेते; १८९९मध्ये चीनला कळवलेली मॅकार्टनी-मॅकडोनाल्ड रेषा त्यातला मोठा भाग पलीकडे सोडते, आणि चीनने त्या प्रस्तावाला उत्तरच दिले नाही. १९५०च्या भारताच्या अधिकृत नकाशात पूर्वेला मॅकमहोन रेषा ठामपणे आहे, पण लडाखच्या बाजूला सीमा अनिश्चित असल्याची नोंद आहे. जुलै १९५४मध्ये नेहरूंनी जुने नकाशे बाजूला काढून ठाम रेषा दाखवणारे नवे छापायला सांगितले आणि ही सीमा चर्चेचा विषय नाही असेही नोंदवले. याच सुमारास चीन तिथे शिनजियांग ते पश्चिम तिबेट असा रस्ता बांधायच्या तयारीत होता. १९५७मध्ये तो पूर्ण झाला. त्याचा सुमारे १८० किलोमीटरचा तुकडा अक्साई चीनमधून जातो. भारताचा औपचारिक निषेध ऑक्टोबर १९५८मध्ये गेला. पूर्ण रस्ता होऊन वर्ष उलटेपर्यंत ज्या भूमीवर आपला ठोस वावर नव्हता, ती आपली म्हणून मरण्याइतकी महत्त्वाची कशी, असा प्रश्न मॅक्सवेल विचारतात. प्रश्न बोचरा असला तरी एकांगी आहे. कारण तोच उलटूनही विचारता येतो: ज्या भूमीवर दुसऱ्याचा दावा आहे हे नकाशांतून ठाऊक होते, तिथे शेजाऱ्याला न कळवता रस्ता का बांधला? १९५४च्या वाटाघाटींत सीमेचा विषय काढायला वेळ पिकलेली नाही, असे चौ एन-लाय यांनी नंतर लिहिले. रस्ता बांधायला मात्र ती पिकलेली होती.

हा रस्ता चीनला इतका का हवा होता, हे सीमेच्या नकाशावरून कळत नाही. त्यासाठी तिबेटचा नकाशा लागतो. मध्य चीनमधून ल्हासाकडे जाणारे मार्ग लांब, उंच आणि पूर्व तिबेटमधल्या बंडखोर खाम्पांच्या टप्प्यात होते. पश्चिम तिबेट ताब्यात ठेवायचा तर शिनजियांगकडून येणारी वाट हीच भरवशाची. मार्च १९५९मध्ये ल्हासात उठाव झाला आणि ३१ मार्चला दलाई लामा तवांगच्या बाजूने भारतात आले. भारताच्या दृष्टीने हा मानवतेचा आणि परंपरेचा प्रश्न होता. आश्रय दिला, पण त्यांच्या सरकारला मान्यता दिली नाही आणि राजकीय हालचालींवर बंधने ठेवली. बीजिंगला यातला फक्त पहिला अर्धा भाग दिसला. त्याला दुसऱ्या गोष्टींची जोड होती. अमेरिकेची गुप्तचर संस्था तिबेटी बंडखोरांना कोलोरॅडोत प्रशिक्षण देत होती, विमानांतून शस्त्रे टाकत होती, आणि कालिम्पाँगमध्ये निर्वासित, व्यापारी नि हेर यांची गर्दी होती. हे सगळे दिल्लीच्या संमतीनेच चालले आहे अशी चिनी नेत्यांची खात्री झाली. ६ मे १९५९च्या ‘पीपल्स डेली’मध्ये तिबेटमधली क्रांती आणि नेहरूंचे तत्त्वज्ञान यांवर भला मोठा लेख आला आणि युद्ध सुरू असताना, २७ ऑक्टोबर १९६२ला, नेहरूंच्या तत्त्वज्ञानावरचा दुसरा लेख आला. सीमेचे युद्ध चालू आहे आणि कम्युनिस्ट पक्षाचे मुखपत्र तिबेटपासून सुरू झालेले वाक्य पुढे नेते आहे, ही बाब मला फार बोलकी वाटते. अमेरिकन अभ्यासक जॉन गार्व्हर यांनी चिनी साधनांवरून हेच मांडले आहे: भारताला तिबेट पुन्हा मधला प्रदेश म्हणून हवा आहे ही माओंची धारणा चुकीची होती, पण युद्धाच्या निर्णयात तिचा वाटा मोठा होता.

ती चुकीची होती हे त्या वेळच्या त्यांच्याच मित्राला दिसत होते. २ ऑक्टोबर १९५९ला बीजिंगमध्ये ख्रुश्चेव्ह आणि माओ यांच्यात जी खडाजंगी झाली, तिच्या टिपणात ख्रुश्चेव्ह स्पष्ट सांगतात की तिबेटमध्ये जे घडले त्याचा दोष चीनचाच आहे, नेहरूंचा नाही. माओंना ते पटले नाही. आणि मग युद्धानेच ती चुकीची धारणा खरी करून टाकली. बासष्टच्या हल्ल्यानंतरच भारताने चक्राता येथे तिबेटी सैनिकांचे स्पेशल फ्रंटिअर फोर्स उभारले आणि तिबेटच्या कामात अमेरिकेशी सहकार्य सुरू केले. म्हणजे ज्या कारवाया भारत करत असल्याच्या संशयावरून बीजिंग संतापले होते, त्या भारताने गांभीर्याने सुरू केल्या त्या चीनने हल्ला केल्यावर.

आता दिल्लीच्या बाजूने पाहू, कारण तिथली घडण समजली नाही तर एप्रिल १९६०ची भेट का फसली हे कळत नाही. चौ एन-लाय सहा दिवस दिल्लीत होते. त्यांनी आडून आडून सुचवलेली अदलाबदल अशी: पूर्वेला चीन मॅकमहोन रेषेच्या दक्षिणेकडची वस्तुस्थिती मानेल, पश्चिमेला भारताने अक्साई चीनची वस्तुस्थिती मानावी. आज हे वाचताना हातची संधी घालवली असे सहज वाटते. पण त्या एप्रिलमधल्या नेहरूंच्या हातात काय होते? ऑक्टोबर १९५९मध्ये कोंगका खिंडीजवळ चिनी गोळीबारात दहा भारतीय पोलीस मारले गेले होते. २१ ऑक्टोबर हा पोलीस स्मृतिदिन त्यांचाच. त्याआधी सप्टेंबरपासून सरकारने चीनशी झालेला पत्रव्यवहार श्वेतपत्रिकांतून संसदेपुढे ठेवायला सुरुवात केली होती, त्यामुळे गुपचूप माघार घ्यायची वाट बंद झालेली. मार्च १९६०मध्ये बेरुबारी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मत दिले होते की देशाचा भूभाग दुसऱ्याला द्यायचा तर घटनादुरुस्ती हवी. संसदेतले विरोधक, वर्तमानपत्रे, स्वपक्षाचे खासदार, सगळे एका सुरात बोलत होते. लोकशाहीत हा सूर कुणी वाजवायला सांगावा लागत नाही. बीजिंगमध्ये मात्र वर्तमानपत्र सरकार सांगते तेच छापते, त्यामुळे हा गदारोळ नेहरूंनीच उठवला असा अर्थ तिथे काढला गेला. उलट दिल्लीने चिनी मुखपत्रांतली आग बरीचशी शब्दांची समजून सोडून दिली. अदलाबदलीच्या प्रस्तावातही दिल्लीला दिसला तो केवळ जमिनीचा सौदा: आमच्या घरातली एक खोली बळकावून दुसरी आम्हालाच बक्षीस देणे. बीजिंगला त्यातून हवी होती ती तिबेटच्या मागच्या दाराची हमी.

पुढच्या दोन वर्षांत गैरसमज शब्दांतून जमिनीवर उतरले. २ नोव्हेंबर १९६१च्या बैठकीनंतर लडाखमध्ये शक्य तितके पुढे जाऊन चौक्या बसवायचे धोरण ठरले. त्यामागे गुप्तचर विभागाचा असा अंदाज होता की जिथे आपण जाऊन बसू तिथून चिनी बळाने हुसकावणार नाहीत. त्याच मूळ निर्णयात मागे भक्कम लष्करी तळ उभारायची जी अट होती, ती वाटेत गळून पडली. जुलै १९६२मध्ये गलवान खोऱ्यातल्या गुरख्यांच्या चौकीला चिन्यांनी मोठ्या संख्येने वेढा घातला, पण गोळी झाडली नाही. चिन्यांच्या हिशेबात हा इशारा होता. दिल्लीने त्यातून उलटा निष्कर्ष काढला: पाहा, ते लढत नाहीत. पश्चिम विभागाचे प्रमुख लेफ्टनंट जनरल दौलत सिंग यांनी ऑगस्टमध्ये लेखी कळवले की या चौक्या लढण्याच्या स्थितीत नाहीत. कुणी ऐकले नाही. डिसेंबर १९६१मध्ये गोवा दोन दिवसांत मुक्त झाला होता आणि त्या यशाने दिल्लीतल्या वरिष्ठांचा आत्मविश्वास नको तितका वाढवला होता, असे मला वाटते. पोर्तुगीजांच्या जुनाट शिबंदीवरून हिमालयातल्या युद्धाचा अंदाज बांधता येत नाही. जूनमध्ये पूर्वेला ढोला चौकी बसली. भारताच्या मते सीमा थागला डोंगराच्या जलविभाजकावर, म्हणून चौकी आपल्या हद्दीत. मॅकमहोनच्या नकाशावर ओढलेल्या जाड रेघेनुसार ती रेघेच्या उत्तरेला. ८ सप्टेंबरला चिनी खाली उतरले, १० ऑक्टोबरला चकमक झाली, १२ तारखेला कोलंबोला निघालेल्या नेहरूंनी पत्रकारांना सांगितले की आपली भूमी मोकळी करण्याच्या सूचना सैन्याला दिल्या आहेत. २० ऑक्टोबरच्या पहाटे दोन्ही आघाड्यांवर हल्ला झाला.

इथे रास्त आक्षेप येतो. सगळ्यांच्या बाजू समजून घेता घेता हल्लेखोराला आपण सोडून देत नाही का? तिबेटची भीती होती म्हणून आक्रमण क्षम्य ठरते का? नाही, आणि पुरावाच ते ठरू देत नाही. सातव्या ब्रिगेडचे ब्रिगेडियर जॉन दळवी २२ ऑक्टोबरला कैद झाले. ‘हिमालयन ब्लंडर’मध्ये त्यांनी लिहिले आहे की युद्धकैद्यांची सोय, दुभाषे, साठे यांची तयारी कितीतरी आधीपासून झालेली त्यांना दिसली. आठवडाभराच्या रागात दोन आघाड्यांवरचा असा हल्ला उभा राहत नाही. शिवाय अंगावर सुती कपडे आणि हातात जुन्या थ्री-नॉट-थ्री रायफली घेतलेल्या विरळ चौक्यांपासून आत्मसंरक्षण करायला काही डिव्हिजन लागत नाहीत. माओंची घरगुती गरजही लपत नाही. ‘मोठ्या झेपे’नंतरच्या दुष्काळात कोट्यवधी माणसे मेली होती, जानेवारी १९६२च्या मेळाव्यात त्यांना स्वतःवर टीका करावी लागली होती, आणि सप्टेंबरमध्ये ते वर्गसंघर्षाची हाक देत पुन्हा पुढे आले होते. जूनमध्ये वॉर्सामध्ये अमेरिकेकडून आश्वासन मिळाले होते की तैवानच्या हल्ल्याला ती साथ देणार नाही. त्याने किनाऱ्याची काळजी मिटली. भीती खरी असणे आणि तिच्यावरचा इलाज न्याय्य असणे या दोन बाबी आहेत. मॅक्सवेल पहिलीवरून दुसरीवर उडी मारतात. आपल्याकडचे लोक दुसरी नाकारायची म्हणून पहिलीही नाकारतात.

दुसरा आक्षेप जास्त अडचणीचा आहे. भांडण तिबेटचे होते, तर चीनने तवांग का सोडले? सहाव्या दलाई लामांचे जन्मस्थान, मोठा मठ, तिबेटच्या धर्मजीवनातले महत्त्वाचे ठाणे हाती आले होते. १८ नोव्हेंबरला से-ला कोसळले, बोमडिला पडले, आसामचे मैदान उघडे झाले. १९ नोव्हेंबरला नेहरूंनी केनेडींना दोन पत्रे लिहून अमेरिकी लढाऊ विमानांची मागणी केली. आणि २१ तारखेला चीनने एकतर्फी युद्धबंदी जाहीर करून पूर्वेकडून मागे जायचे ठरवले, अक्साई चीन मात्र ठेवले. एक उत्तर व्यवहाराचे आहे: हिवाळ्यात खिंडी बंद झाल्यावर दक्षिण उतारावरच्या फौजेला रसद पुरवणे अशक्य होते, आणि क्यूबाचे संकट मिटल्याने अमेरिकेचे लक्ष इकडे वळले होते. पण त्याने सगळे सुटत नाही. जे ठेवले ते पाहा: तिबेटला शिनजियांगशी जोडणारा रस्ता. जे सोडले तो पूर्वेकडचा सुमारे ९० हजार चौरस किलोमीटरचा दावा सौद्यासाठी वापरायचा हुकमी पत्ता होता. १९८०च्या दशकाच्या मध्यापासून चीन तवांगचा आग्रह धरू लागला, हे खरे. माझ्या मांडणीतली ही सैल गाठ आहे आणि ती मी ओढून घट्ट करणार नाही.

दोन राजधान्यांच्या भांडणात ज्यांची भूमी होती त्यांना काय वाटले, ही बाजू बहुतेक पुस्तकांत तळटिपेत जाते. इतिहासकार बेरेनिस गियो-रेशार यांनी नेफाच्या, म्हणजे आजच्या अरुणाचल प्रदेशाच्या, अभ्यासात दाखवले आहे की भारत आणि चीन दोघेही डोंगरी लोकांची मने जिंकायची स्पर्धा करत होते. व्यापलेल्या भागात चिनी सैनिक लोकांशी मुद्दाम सौजन्याने वागत, कामात हात लावत. आणि भारतीय प्रशासन मात्र हल्ल्याच्या वेळी सर्वांत आधी निघून गेले होते. तेजपूरमध्ये नोटा जाळून अधिकारी पळाले. त्याच सुमारास आकाशवाणीवर नेहरूंनी आसामच्या लोकांबद्दल सहानुभूती व्यक्त केली, ती आसामने निरोप म्हणून ऐकली. तो सल तिथल्या राजकारणात अजून निघतो. आणि देशाच्या आत, आसाम, शिलाँग, दार्जिलिंग इथून चिनी वंशाच्या सुमारे तीन हजार माणसांना उचलून राजस्थानात देवळीच्या छावणीत डांबले गेले. त्यांतल्या अनेकांच्या पिढ्या भारतातच जन्मल्या होत्या. काही जण १९६७पर्यंत आत होते. या लोकांना सीमेचे भांडण नव्हते, तिबेटचेही नव्हते.

कुणी म्हणेल, रेझांग-ला खिंडीत मेजर शैतान सिंग यांच्या तेराव्या कुमाऊँच्या कंपनीतले सुमारे १२० पैकी शंभराहून अधिक जवान गोळ्या संपेपर्यंत लढून पडले. त्यांच्यापुढे चीनच्या भीतीचे कसले कौतुक? सैनिकाच्या शौर्याला शत्रूच्या हेतूची चौकशी कमी करत नाही. उलट त्या जवानांना तिथे कोणत्या अंदाजावर उभे केले होते, हे विचारल्याशिवाय त्यांचे मरण समजत नाही. भारताच्या अधिकृत आकड्यांनुसार १,३८३ ठार, १,६९६ बेपत्ता आणि ३,९६८ कैद झाले. चीनने नंतर दिलेला त्यांच्या मृतांचा आकडा ७२२ आहे.

शेवटची अडचण साधनांची. नव्या संरक्षणमंत्र्यांच्या काळात हेंडरसन ब्रुक्स आणि भगत या लष्करी अधिकाऱ्यांनी पराभवाची चौकशी केली, पण तिची कक्षा सैन्यापुरती होती. राजकीय निर्णयांची तपासणी तिच्यात नव्हती. २ सप्टेंबर १९६३ला चव्हाणांनी संसदेत निष्कर्षांचा सारांश सांगितला आणि अहवाल बंद राहिला. त्याचा एक भाग २०१४मध्ये मॅक्सवेल यांनीच जाहीर केला. पण तो वाचला तर मॅक्सवेल यांच्या सगळ्या म्हणण्याला दुजोरा मिळत नाही. मिळतो तो इतकाच की पुढे चौक्या बसवताना सैन्याचे सल्ले डावलले गेले. चिनी परराष्ट्र खात्याने २००४नंतर दफ्तर उघडले आणि दहाएक वर्षांत पुन्हा जवळजवळ बंद केले. मग दोन्ही बाजू समजल्या असे म्हणण्याचा अधिकार कुणाला, असा प्रश्न उरतो. त्यावर उपाय एवढाच की दाव्यांपेक्षा कृतींवर भर द्यावा: कोणता रस्ता बांधला, कोणती चौकी कुठे बसली, कोणता भाग ठेवला, कोणता सोडला. कृती दोन्ही सरकारांना लपवता आल्या नाहीत. हेतूंचे कागद मात्र तिसऱ्यांकडे सापडतात, म्हणून माओंना नेहरूंबद्दल काय वाटत होते हे कळायला आजही बीजिंगपेक्षा मॉस्कोतून बाहेर आलेली टिपणे जास्त कामाची आहेत, आणि नोव्हेंबरच्या त्या दोन पत्रांचा मजकूर भारतीयांनी प्रथम वाचला तो अमेरिकेने खुल्या केलेल्या कागदांतून.